सात वर्षांनी परत जाणारा कॅमेरा

वेबसिरीजमधल्या 'बेस्ट एपिसोड्स'ची यादी आपल्याला तोंडपाठ असते. कोणत्या सीझनचा कोणता एपिसोड भारी, यावर आपण कॅन्टीनमध्ये चहा थंड होईपर्यंत वाद घालू शकतो. पण कुणी विचारलं की, टीव्हीवर आलेल्या डॉक्युमेंटरींपैकी सगळ्यात भारी एपिसोड कोणता, तर टेबलावर शांतता पसरते. डॉक्युमेंटरी म्हणजे जंगल, हत्ती आणि मागून येणारा जड आवाज, असा आपला पक्का समज आहे.

म्हणून आज एकाच दिग्दर्शकाच्या एपिसोड्सची यादी. दिग्दर्शक ब्रिटिश, नाव मायकल ॲप्टेड. मालिकेचं नाव 'अप'. तिचा पहिला भाग 'सेव्हन अप!'. नाव ऐकून कोल्ड्रिंक आठवेल, पण इथला सात हा आकडा वयाचा आहे.

१९६४ साली ब्रिटनमधल्या ग्रॅनाडा टेलिव्हिजनने 'वर्ल्ड इन ॲक्शन' या कार्यक्रमासाठी सात वर्षांची चौदा मुलं निवडली. काही बड्या घरची, महागड्या खासगी शाळांतली. काही लंडनच्या ईस्ट एंडमधल्या कामगारवस्तीतली. दोघं अनाथाश्रमासारख्या बालगृहातली, एक यॉर्कशरच्या डोंगराळ भागातल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्यांना विचारलं, मोठेपणी काय व्हायचंय? पैशांबद्दल काय वाटतं? मुली आवडतात का? मूल सात वर्षांचं होईपर्यंत जे घडतं त्यावरूनच पुढचा माणूस ठरतो, अशा अर्थाची एक जुनी जेझुइट म्हण या भागाने आधाराला घेतली होती. सन २००० मधले कामगार पुढारी आणि कंपन्यांचे साहेब आज सात वर्षांचे आहेत, ते कसे आहेत ते बघा, असा एकूण सूर.

हा पहिला भाग ॲप्टेडने दिग्दर्शित केला नव्हता. दिग्दर्शक होते पॉल आमंड. केंब्रिजमधून नुकताच बाहेर पडलेला ॲप्टेड तेव्हा ग्रॅनाडात शिकाऊ होता आणि मुलं शोधण्याचं काम त्याच्याकडे होतं. वय बावीस-तेवीस. म्हणजे आज आपल्यापैकी बरेच जण इंटर्नशिपसाठी ज्या वयात धावपळ करतात, तेच. खरं तर ही एकदाच होणारी गोष्ट होती. पण सात वर्षांनी, मुलं चौदाची झाल्यावर, ॲप्टेड परत गेला. मग ती एकवीसची झाल्यावर गेला. मग अठ्ठावीस, पस्तीस, बेचाळीस, एकोणपन्नास, छप्पन्न आणि त्रेसष्ट. शेवटचा '६३ अप' २०१९ मध्ये आला. जानेवारी २०२१ मध्ये ॲप्टेड गेला. मधल्या काळात त्याने हॉलिवूड केलं, 'द वर्ल्ड इज नॉट इनफ' हा जेम्स बाँडपटही केला, पण दर सात वर्षांनी तो याच माणसांच्या दारात उभा राहिला.

माझं म्हणणं साधं आहे. या मालिकेतले सर्वोत्तम एपिसोड ते आहेत, ज्यांत दिग्दर्शकाचा अंदाज सपशेल चुकला आणि तरीही त्याने ती चूक एडिटमध्ये कापून टाकली नाही. आणि हे विशीतल्या आपण सगळ्यांनी बघायला हवं, कारण आपल्याबद्दल अंदाज बांधण्याचं काम सध्या जोरात सुरू आहे.

बघायची पद्धत सोपी आहे. प्रत्येक भागात त्या माणसाची जुनी दृश्यं मध्ये मध्ये येतात. त्यामुळे आधीचं काही न बघताही कुठूनही सुरुवात करता येते. एका कटमध्ये सात वर्षांचा मुलगा, पुढच्या कटमध्ये तोच टक्कल पडलेला बाप्या. दुसरा कुठलाही स्पेशल इफेक्ट नाही आणि त्याची गरजही पडत नाही.

'२१ अप' (१९७७): टोनीची गाडी कुठे गेली?

सात वर्षांचा टोनी म्हणजे ईस्ट एंडचं वारं प्यायलेलं पोरगं. त्याला जॉकी व्हायचं होतं. चौदाव्या वर्षी तो तबेल्यात काम करत होता. एकविसाव्या वर्षापर्यंत काही शर्यती धावून झाल्या होत्या आणि आपण त्या दर्जाचे नाही हेही कळून चुकलं होतं. आता तो कुत्र्यांच्या शर्यतींवर पैजा पोचवायची कामं करत होता आणि टॅक्सीच्या परवान्यासाठी अभ्यास करत होता.

ॲप्टेडला वाटलं, हा पोरगा पुढे तुरुंगात जाणार. म्हणून त्याने टोनीला ईस्ट एंडमधल्या गुन्ह्यांसाठी बदनाम जागांवरून फिरवलं आणि ते शूट करून ठेवलं. पुढच्या भागात, टोनी गजांआड असताना, वापरायला बरं! हे ॲप्टेडने स्वतःच नंतर सांगितलं आहे. झालं काय? टोनी लंडनच्या काळ्या टॅक्सीचा चालक झाला. तो परवाना म्हणजे गंमत नाही. शहरातले सुमारे २५ हजार रस्ते पाठ करावे लागतात. त्याने लग्न केलं, घर घेतलं, मुलं वाढवली. लोकांचं भवितव्य आधी ठरवून शूटिंग करायचं नाही, हा धडा ॲप्टेडला एका टॅक्सीवाल्याने शिकवला.

याच भागात दुसऱ्या टोकाचा जॉनही आहे. पहिल्या भागात जॉन, अँड्र्यू आणि चार्ल्स ही बड्या घरची तीन मुलं सोफ्यावर ओळीने बसून कोणती शाळा, कोणतं विद्यापीठ हे घडाघडा सांगतात. अँड्र्यू तर आपण 'फायनान्शियल टाइम्स' वाचतो असंही सांगून टाकतो. त्याच भागात बालगृहातल्या पॉलला विद्यापीठाबद्दल विचारलं, तर त्याचा उलटा प्रश्न होता, विद्यापीठ म्हणजे काय? हे दोन प्रसंग पाठोपाठ बघितले की पोटात गोळा येतो.

पण एकविशीत जॉन चिडून म्हणतो, हा कार्यक्रम असं दाखवतो की आम्हाला सगळं ताटात वाढून मिळालं. रात्री जागून केलेला अभ्यास कुठे दिसतो? पुढे '५६ अप'मध्ये कळतं की जॉन नऊ वर्षांचा असताना त्याचे वडील गेले आणि त्याच्या शिक्षणासाठी आईला नोकरी करावी लागली. तरी हेही खरं की त्या सोफ्यावरच्या मुलांनी सांगितलेलं भविष्य बरंचसं खरं ठरलं. जॉन बॅरिस्टर झाला, अँड्र्यू सॉलिसिटर. म्हणजे वर्गाबद्दलचा मालिकेचा मूळ मुद्दा चुकीचा नव्हता. माणूस मात्र त्या मुद्द्यात मावत नव्हता.

'२८ अप' (१९८४): सुझी आणि एक चेतावणी

फक्त एकच भाग बघायला वेळ असेल तर हा बघा. अमेरिकी समीक्षक रॉजर एबर्ट यांनी ही मालिका आपल्या सर्वकालीन आवडत्या दहा चित्रपटांत धरली होती, ते उगाच नाही.

श्रीमंत घरातली सुझी चौदाव्या वर्षी बागेत बसून नाराजीने उत्तरं देते. तिच्या मागे तिचा कुत्रा एका सशाची शिकार करतो आणि कॅमेरा तेही टिपतो. एकविसाव्या वर्षी तिच्या हातात एकामागून एक सिगारेट. शाळा सोडलेली, लग्नावर विश्वास नाही, मुलं नकोत. बघताना वाटतं, हिचं काही खरं नाही. आणि अठ्ठाविसाव्या वर्षी हीच सुझी नवरा आणि मुलांसोबत शांत, मोकळी, हसरी! इतकी की ही तीच मुलगी का, असा प्रश्न पडावा.

सुखी व्हायचं तर लग्न करा, असा धडा इथून काढू नका. एकविसाव्या वर्षी माणूस जे ठामपणे बोलतो, त्यावर त्याच्या आयुष्याचा निकाल लावू नका, एवढाच या एपिसोडचा अर्थ. घरच्यांशी, मित्रांशी, स्वतःशी वाद घालताना तुम्ही आत्ता जी वाक्यं बोलताय, ती अजून कच्ची आहेत.

पण हाच एपिसोड कॅमेऱ्याची दुसरी बाजूही दाखवतो. शेतकऱ्याचा मुलगा निक ऑक्सफर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकून संशोधनासाठी अमेरिकेला गेला होता. या भागात त्याची पत्नी त्याच्यासोबत दिसते. प्रेक्षकांनी तिच्याबद्दल आणि त्यांच्या लग्नाबद्दल लगेच मतं बनवली. तिने नंतर या मालिकेत यायला नकार दिला. शिक्षक असलेल्या पीटरने तेव्हाच्या थॅचर सरकारवर टीका केली, तर काही वर्तमानपत्रांनी त्याला असं झोडपलं की तो मालिकेतून बाहेर पडला आणि थेट '५६ अप'मध्ये परतला. तेव्हा ना रील होती, ना ट्रोलिंग हा शब्द होता. पण पाच-दहा मिनिटांच्या फुटेजवरून परक्या माणसाला गुन्हेगार ठरवायची हौस तेव्हाही होती.

'४२ अप' (१९९८): नीलचं काय झालं?

या मालिकेचा प्रेक्षक दर वेळी आधी एकच प्रश्न विचारायचा. नीलचं काय झालं?

सात वर्षांचा नील लिव्हरपूलच्या उपनगरातला, उड्या मारत चालणारा गोड पोरगा. त्याला अंतराळवीर व्हायचं होतं, नाहीच जमलं तर बसचा ड्रायव्हर. एकविसाव्या वर्षी तो विद्यापीठ अर्धवट सोडून लंडनमध्ये एका रिकाम्या घरात बिनपरवाना राहत होता आणि बांधकामावर मजुरी करत होता. अठ्ठाविसाव्या वर्षी तो स्कॉटलंडमध्ये बेघर भटकत होता. बोलताना शरीर डुलत होतं, आपल्या मनाचा तोल जाईल का याची भीती त्याच्या बोलण्यात होती. पस्तिशीत तो उत्तरेला दूर शेटलंड बेटांवर एकटा राहत होता. '३५ अप' बघून टीव्ही बंद केला तर पुढच्या भागात हा असेल का, हीच शंका मनात राहते.

आणि '४२ अप'मध्ये नील लंडनच्या हॅकनी भागात लिबरल डेमोक्रॅट पक्षाचा नगरसेवक आहे! लंडनला आला तेव्हा त्याला काही काळ घरात ठेवून घेतलं ते ब्रूसने. हा ब्रूस याच मालिकेतला. सात वर्षांचा असताना बोर्डिंग शाळेत बसून त्याने सांगितलं होतं की, दूर आफ्रिकेत असलेल्या बाबांना भेटायचंय. मोठा होऊन तो ईस्ट एंडमधल्या शाळेत गणित शिकवायला लागला, बांगलादेशातल्या सिल्हेटमध्येही शिकवून आला. एका टीव्ही कार्यक्रमाने एकत्र आणलेली दोन मुलं, पस्तीस वर्षांनी एक दुसऱ्याला छप्पर देतं. पटकथेत लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, फारच फिल्मी.

नीलचं पुढे सगळं छान झालं असं मालिका सांगत नाही. त्याची लढाई '६३ अप'मध्येही संपलेली नाही. पण आपल्याकडे एक वर्ष ड्रॉप घेतला, एटीकेटी लागली, एमपीएससीचा तिसरा अटेम्प्ट गेला, की 'याचं संपलं' असं नातेवाइकांपासून सगळे म्हणायला लागतात. तेव्हा '२८ अप'मधला नील आणि '४२ अप'मधला नील पाठोपाठ बघावा. कुणाचं काय संपलं, हे चौदा वर्षं थांबल्याशिवाय सांगता येत नाही.

'४९ अप' (२००५): जॅकी सुनावते

माझ्या यादीत हा पहिल्या नंबरवर. १९६४ साली निवडलेल्या चौदा मुलांमध्ये मुली फक्त चार होत्या. बायकांचं आयुष्य पुढच्या काही दशकांत केवढं बदलणार आहे, याचा अंदाज निवडणाऱ्यांना नव्हता. ही आपली मोठी चूक होती हे ॲप्टेडने पुढे कबूल केलं. त्यातही मुलग्यांना देश, राजकारण, काम याबद्दल विचारायचं आणि ईस्ट एंडच्या मुलींना लग्न, नवरा, मुलं याबद्दल. एकविसाव्या वर्षी जॅकीला विचारलं होतं की, लग्नाआधी तू पुरेसे पुरुष बघितलेस का? बड्या घरच्या मुलांना असा प्रश्न विचारल्याचं आठवत नाही.

एकोणपन्नासाव्या वर्षी जॅकी कॅमेऱ्यासमोर ॲप्टेडला थेट धरते. तू आमच्याबद्दल तुझं मत घेऊन येतोस आणि मग त्याला साजेसं तेवढं एडिट करतोस, असा तिचा रोख. आम्हाला काय वाटतं ते या वेळी तरी दिसू दे. '६३ अप'मध्ये ती पुन्हा हा विषय काढते आणि तरुणपणी आपल्याला फक्त घरसंसाराचेच प्रश्न विचारल्याचा हिशेब मागते.

आता विचार करा. एडिटिंगचा टेबल कुणाच्या हातात होता? ॲप्टेडच्या. हे सगळं उडवून टाकायला एक कट पुरला असता. त्याने तो मारला नाही. पन्नाशीतली, औपचारिक शिक्षण फार नसलेली एक बाई, बाँडपट केलेल्या दिग्दर्शकाला त्याच्याच फिल्ममध्ये खडे बोल सुनावते आणि तो ते जसंच्या तसं प्रसारित करतो. मास कॉमच्या वर्गात मुलाखत कशी घ्यावी यावर आम्ही पानंच्या पानं नोट्स काढतो. त्या सगळ्या नोट्सच्या जागी हा एक एपिसोड दाखवला तरी चालेल.

'६३ अप' (२०१९): रिकामी खुर्ची

या भागात आता भविष्याचा प्रश्न नाही. लिन, मुलांच्या वाचनालयात आयुष्यभर काम केलेली, २०१३ मध्ये गेली. तिच्याबद्दल तिचे घरचे बोलतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक झालेला निक कॅन्सरशी झुंजतो आहे. सात वर्षांचा असताना मुलींबद्दल विचारल्यावर 'असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही' अशा थाटात तोंड फिरवणारा हाच मुलगा आता मृत्यूबद्दल अगदी सरळ बोलतो. २०२३ मध्ये तोही गेला.

बालगृहातला सायमन, या गटातला एकमेव मिश्रवंशीय मुलगा, एकविसाव्या वर्षी सॉसेजच्या कारखान्यात काम करत होता. पुढे तो आणि त्याची पत्नी आईबापांपासून दूर पडलेल्या मुलांना आपल्या घरी सांभाळू लागले. जेझुइटांची म्हण खरी की खोटी? '६३ अप' बघून दोन्ही बाजूंनी भांडता येतं. सातव्या वर्षीचा चेहरा त्रेसष्टाव्या वर्षीही दिसतोच. पण त्या चेहऱ्याचं पुढे काय होईल, ते त्या वयात कुणालाच दिसलेलं नव्हतं.

मग आपलं काय?

ही गोष्ट परदेशातली आहे, चौदा ब्रिटिश माणसांची आहे. ती उचलून जशीच्या तशी आपल्यावर चिकटवायची गरज नाही. पण ॲप्टेडने जे एक काम केलं, ते आपल्याकडच्या पत्रकारितेत जवळपास दिसत नाही. तो परत गेला.

दरवर्षी जूनच्या आसपास आपण काय करतो बघा. दहावी-बारावीचा निकाल लागतो. पेढा भरवतानाचे फोटो छापून येतात. शंभर टक्के मिळवलेली मुलगी सांगते, डॉक्टर व्हायचंय. हातगाडीवाल्याचा मुलगा सांगतो, कलेक्टर व्हायचंय. 'परिस्थितीवर मात' अशी हेडिंग लागते. दुसऱ्या दिवशी पान बदलतं. त्या मुलाची फी पुढच्या वर्षी कुणी भरली? ती मुलगी नीटला बसली का? बसली नसेल तर का नाही? सात वर्षांनी त्यांच्या घरी कोण जातं? नापास झालेल्यांकडे तर पहिल्याही दिवशी कुणी जात नाही.

हे सगळं मी वर्तमानपत्राच्या पानावरच लिहिते आहे याची मला कल्पना आहे. म्हणून मागणीही इथेच मांडते. प्रत्येक वर्तमानपत्राने, प्रत्येक चॅनलने सात वर्षांपूर्वीच्या निकालाच्या दिवसाचं पान काढावं, त्यातल्या मुलांना शोधावं आणि त्यांची परवानगी घेऊन त्यांच्याशी बोलावं. ज्यांचं ठरल्याप्रमाणे झालं त्यांच्याशीही आणि ज्यांचं झालं नाही त्यांच्याशीही. कुणाला बोलायचं नसेल तर ते ऐकून निमूट परत यावं. आणि आपली तेव्हाची हेडिंग चुकली असेल तर तीही सोबत छापावी.

पत्रकारिता विभागांनाही हे सहज जमेल. दरवर्षी प्रथम वर्षाच्या दहा विद्यार्थ्यांच्या पंधरा मिनिटांच्या मुलाखती रेकॉर्ड करा. मराठी माध्यमातले, इंग्रजी माध्यमातले, हॉस्टेलवरचे, लोकलने येणारे, अर्धवेळ नोकरी करणारे. मुलं आणि मुली सारख्याच संख्येने, आणि प्रश्नही सारखेच. मग तारीख टाकून ठेवून द्या. कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे. ॲप्टेडकडे होती आणि आपल्याकडे नाही अशी गोष्ट एकच, ती म्हणजे सात वर्षं वाट बघायची तयारी.

तोवर या वीकेंडला '२८ अप' बघा. एकटे बघू नका, ज्या मित्राबद्दल 'याचं काही होणार नाही' असं तुम्ही ठरवून टाकलंय, त्याला शेजारी बसवून बघा.